पालथ्या चिठ्ठ्या

माझ्या काकांना बाजारात सगळे भिंगकाका म्हणत. जुन्या नाण्यांची पारख करून प्रत ठरवायची, हा त्यांचा धंदा. स्वभावाने तिरसट. नाणं पुसून चकचकीत करून आणणाऱ्याला ते सरळ म्हणत, "भांडी घासायला दुसरीकडे जा."

तीस वर्षं ते आणि त्यांचे भागीदार एकाच टेबलाशी बसले. दोघांनी वेगवेगळं नाणं बघायचं, चिठ्ठीवर प्रत लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची आणि मग दोन्ही एकदम उलटायच्या. जुळलं तर पाकीट सीलबंद, नाही तर चहा थंड होईपर्यंत भांडण. दोन वर्षांपूर्वी भागीदार वारले. काका तरीही दोन चिठ्ठ्या मांडत. दुसरी कोरीच राहायची.

मागच्या महिन्यात एक शिक्षिका काकांनीच सीलबंद केलेलं पाकीट घेऊन आल्या. आत एका पुलाच्या उद्घाटनाचं जुनं, चांदीचं स्मारक नाणं होतं. चार वर्षांपूर्वी दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच प्रत पडली होती: जवळपास कोरं. आता ते विकत घेणारा मात्र झिजलेलं म्हणत होता. काकांनी दिव्याखाली नाणं तिरकं धरलं. नाण्याचा सगळ्यात उंच भाग आधी झिजतो, आणि इथे पुलाच्या मधल्या कमानीची चकाकी साफ गेली होती. नवशिक्यालाही दिसलं असतं.

"चूक माझी आहे, बाई," काका म्हणाले आणि त्यांनी खालची प्रत लिहून दिली. तारीख बघून त्यांना आठवलं, त्या दिवशी ते अंगात ताप घेऊन बसले होते. पण भागीदार तर डोळ्यात तेल घालून बघणारा माणूस. त्याला कसं दिसलं नाही? हा प्रश्न काकांना झोपू देईना. शेवटी ते मला घेऊन भागीदाराच्या बायकोकडे गेले.

"आता काय लपवायचं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. तुमच्याबद्दल म्हणायचे, मी त्याचा श्वास ऐकतो. नाणं चांगलं असलं की हळू सोडतो, वाईट असलं की नाकातून फुस्स करतो."

"मग भांडायचा कशाला?"

"तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. शिवाय तुमच्याशी भांडलं की घरी दोन घास जास्त जायचे."

परतताना काका माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. फसवलं गेल्याचा राग असेल असं मला वाटलं, पण राग नव्हता. त्यांचा श्वाससुद्धा ओळखणारा माणूस गेला होता, आणि आपण किती एकटे पडलो, ते त्यांना आज कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेलो. काका एक नाणं बघत होते. बघून झालं, भिंग खाली ठेवलं आणि थोडं थांबून मला विचारलं, "ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहिली, पालथी ठेवली, आणि थोड्या वेळाने स्वतःच उलटली.