बाहेर उघडणारं दार

वाशी तालुक्यातली ती सकाळ मला आजही लख्ख आठवते.

एक निवृत्त गुरुजी माझ्या पोलीस ठाण्यात आले होते. शेजाऱ्याने परसात राहण्याची खोली बांधली, पण हद्दीपासून सोडायची मोकळी जागा सोडलीच नाही, ही त्यांची तक्रार.

“गुरुजी, हे ग्रामपंचायतीचं काम,” मी म्हणालो.

“तिथं चार अर्ज दिलेत, साहेब. त्याच्या भिंतीला लागूनच आमची मंडळी खाटेवर पडून असते. लकवा झालाय तिला. आन् दार बाहेर उघडतंय, थेट माझ्या अंगणात!”

मी पेन खाली ठेवलं. आपल्याकडे घराचं दार आत उघडतं. बाहेर उघडणारी दारं मी तेरखेड्याच्या परवानाधारक फटाका कारखान्यांत पाहिली होती. भडका उडाला तर कामगाराला एका उडीत बाहेर पडता यावं म्हणून.

ग्रामसेवक, दोन पंच आणि हवालदार घेऊन तडक निघालो. बांधकामाच्या परवानगीत ‘मुलासाठी एक खोली’ असं लिहिलं होतं. दाराला कुलूप.

“पोरगा-सून दिवाळीला येणार हायत,” खोलीचा मालक म्हणाला.

“दिव्याचं बटण बाहेर कसं?” मी विचारलं. आत ठिणगी पडू नये म्हणून कारखान्यांत बटणंही बाहेरच असतात.

“मिस्त्री चुकला, साहेब.”

हवालदार हसले. “दारबी त्यानंच उलटं लावलं व्हय? सुनेला लाईट लावायला अंगणात पळवता का काय?”

मालक हसला नाही. त्याची नजर उंबऱ्यावर गेली, मागोमाग माझी. तिथे चंदेरी भुकटीची पावलं उमटली होती.

“ही फटाक्याची भुकटी ना?”

त्याने किल्ली पुढे केली.

किल्ली घेतली, पण कुलूप उघडलं नाही. आधी माणसं. वीज तोडायला लावली, गल्ली रिकामी केली, बॉम्बशोधक पथकाला कळवलं. चौघांनी गुरुजींच्या पत्नीला खाटेसकट उचललं.

“हळू रं बाबांनो! आन् गॅसवरचं दूध कोण बघणार?” त्या ओरडल्या.

गॅस! मी धावत आत गेलो. त्याच सामाईक भिंतीला शेगडी टेकलेली, ज्योत मोठी. बटण फिरवून ती बंद केली.

पथकाने खोली उघडली. फटाक्यांच्या दारूची पोती त्या भिंतीला लागूनच रचलेली होती. पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला.

तोवर बांधकामाचे नियम मला कागदी वाटत. त्यानंतर ठाण्यात मी एक शिस्त लावली: तक्रारदाराचं शेवटचं वाक्य ऐकल्याशिवाय ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायचं नाही. गुरुजींचं शेवटचं वाक्य दाराबद्दल होतं, आणि ते ऐकण्याआधीच मी त्यांना परत पाठवणार होतो.