नवस करताना नकाशा बघावा

आमच्या माळ्यावर माझ्या भावाची एक खाकी सॅक आहे. दिवाळीच्या साफसफाईला ती खाली काढली की दरवेळी तिच्यातून काहीतरी पडतं. कधी परक्या लिपीतलं तिकीट, कधी शिंपला, एकदा तर वाळका बोंबील निघाला, तीन वर्षांचा! माझ्या किस्स्यांचंही तसंच आहे. संपले म्हणावं आणि जरा झटकलं की आणखी एक खाली पडतो. शेजारणी म्हणतात, "सुमन, तू सातवी पास, ठाण्याच्या पलीकडे एकटी जायला घाबरायचीस आणि एकदम तीन देश?" आता मला तरी कुठे ठाऊक होतं तीन देश लागतात ते! मी आपली नवऱ्याला बघायला निघाले होते.

माझ्या लेकीचे, चिमीचे बाबा फिटर. सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात कामाला. दर पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र यायचं, चार पानी, मोत्यासारखं अक्षर. मग एकदम बंद! एक महिना, दोन महिने, चार महिने. नळावरच्या बायका "तिकडे दुसरी केली असेल" असं कुजबुजायच्या, मला नीट ऐकू येईल इतक्या हळू.

हिरा माझी मैत्रीण. खाडीकाठची कोळीण, कळव्याच्या बाजारात मासळी विकते. तिचा धाकटा भाऊ किसन ह्यांच्याच कारखान्यात. त्याला पत्र टाकलं तर उत्तर आलं तीन शब्दांचं. "भाऊजी मजेत आहेत."

हिरा कोयता पुसत म्हणाली, "मजेत हाय तं लिवीत का नाय? चल गो, जाऊन बघू. मधे समुद्रच हाय ना? समुद्राला काय भ्यायचं!"

नौपाड्यातल्या एजंटने पासपोर्ट-व्हिसाचं सगळं केलं आणि म्हणाला, "कलकत्त्याहून बँकॉकपर्यंत विमान, ते स्वस्त पडतं. पुढे गाड्या बदलत बदलत थेट सिंगापूर." असं म्हणाला जसं काही कल्याणला उतरून टिटवाळ्याची गाडी पकडायची!

* * *

निघण्याआधी संकष्टीला टिटवाळ्याला गेले. गणपतीसमोर हात जोडले आणि बोलून गेले, "ह्यांना डोळ्यांनी बघेपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही."

मला वाटलं, सोपा नवस आहे. आम्ही मूळचे घाटावरचे, भाकरीवर वाढलेले. आठवडाभर भात नाही मिळाला तर कुणाला पत्ता लागत नाही.

हिराला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. तिला सकाळ-संध्याकाळ भात. "आन मी काय खाऊ तुझ्यासमोर? माती?"

* * *

पेट्या नेल्या तर चिमीचा हात कुणी धरायचा? म्हणून डोंबिवलीला भावाकडे गेलो. तो दर रविवारी मित्रांबरोबर गड चढायला जातो. त्याने आम्हाला दोन सॅक दिल्या आणि वर ट्रेनिंगही दिलं. पाठीवर दहा किलो ज्वारीचं पीठ घेऊन चार मजले चढा, उतरा! नऊवारी नेसलेली हिरा सरसर वर. मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसले.

एक आजोबा जिना उतरत होते. आम्हा दोघींच्या पाठीवरची ओझी बघून ते जागीच थबकले. मला हळूच म्हणाले, "बाळ, घर सोडण्याइतकं काय झालं? मी बोलू का तुझ्या नवऱ्याशी?"

मी म्हटलं, "बोला हो! चार महिन्यांत ते कुणाशीच बोलले नाहीयेत!"

* * *

बँकॉकच्या विमानतळावर हिराची सॅक उघडायला लावली. ऑफिसरने चेन ओढली मात्र, आणि तो जो वास सुटला! वाळके बोंबील, सुकट, जवळा. रांगेतली माणसं आपोआप दोन हात मागे सरकली.

एका क्षणात सगळं दिसलं मला. आम्ही दोघी तुरुंगात, चिमी गजांबाहेर, तिला शाळेत कोण घालणार, तिचं पोलिओचं राहिलेलं बूस्टर कोण देणार!

ऑफिसरने एक बोंबील उचलला. उलटापालटा केला. नाकाशी नेला. दुसऱ्या ऑफिसरला हाक मारली. आता बेड्या, म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर काय! दोघं अर्धा अर्धा बोंबील चावत उभे! एकाने हिराला अंगठा दाखवला.

हिरा सॅक पाठीला लावत म्हणाली, "बघ. आपल्यातलाच निघाला."

* * *

बँकॉकच्या गेस्टहाऊसमध्ये स्वस्तातली आठ पलंगांची खोली घेतली. आम्हाला वाटलं होतं, ती म्हणजे बायकांचा वॉर्ड असतो तसं काहीतरी. आत गेलो तर पाच गोरे पुरुष आणि एक गोरी मुलगी! सगळे एकाच खोलीत, भर दुपारी, अर्ध्या चड्ड्यांवर पसरलेले! मी चिमीच्या डोळ्यांवर हात ठेवला. माझ्या कुणी ठेवायचा?

मुलगी असेल विशीची. बरोबर कुणी नाही. खुणांनी विचारलं, आईबाप कुठे? तिने लांब कुठेतरी बोट दाखवलं. वर्षभर एकटी फिरत होती म्हणे. माझी चिमी पाच मिनिटं दिसली नाही तर मला चक्कर येते, आणि हिच्या आईला वर्षभर झोप कशी लागली असेल?

इतक्यात चिमी माझा पदर ओढायला लागली. ती मुलगी पत्र लिहीत होती. डाव्या हाताने!

इथे सांगायला हवं, आमची चिमी डावखुरी. तेव्हा साडेचार वर्षांची होती. जेवताना डावा हात पुढे आला की मी चापट मारायचे. उद्या सासरच्या पंगतीत कुणी नाव ठेवलं तर? हे टेन्शन मला तिच्या बारशापासून!

चिमी खोलीभर ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "आई, ती बघ डाव्याने करते. मार ना तिला!"

मी म्हटलं, "त्यांच्यात चालतं."

चिमीने थोडा विचार केला. "मग आपण त्यांच्यात जाऊ या?"

* * *

आता भाताचं ऐका. त्या देशात सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. केळीच्या पानात गोड भात, बांबूच्या नळीत भात, आंब्याबरोबर भात! मी नुसता वास घेत फिरायचे. भाकऱ्या थापायच्या तर स्टोव्ह पेटवल्यावर गेस्टहाऊसचा मालक धावत आला आणि बादलीभर पाणी ओतून गेला, स्टोव्हवर आणि पिठावरही!

मग मला एका गाडीवर शेवया दिसल्या. गरम पाण्यातल्या, वर कोथिंबीर. देवच पावला! दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी शेवया हाणल्या.

तिसऱ्या दिवशी जरा लवकर गेले. गाडीवाली बाई शेवया पाडत बसली होती. शेजारी पिठाची परात, तिच्यामागे पोतं आणि पोत्याच्या तोंडाशी सांडलेले शुभ्र, लांबडे दाणे. तांदूळ!

मी मटकन फुटपाथवर बसले. नवस मोडला! म्हणजे ह्यांना काहीतरी झालं! मी रडतेय, चिमी मला बघून रडतेय, ती गाडीवाली घाबरून मला आणखी एक वाटी शेवया देतेय!

हिरा म्हणाली, "गप गो! भात बोललीस का शेवया बोललीस?"

"भात."

"मंग? जो देव सोता तांदळाचे मोदक खातो, तो तुला शेवयांना धरील काय?" पटलं मला. तरी उरलेली वाट मी केळी आणि उकडलेली अंडी यांच्यावरच काढली. आणि दर जेवणाला हिरा भाताचा डोंगर पुढ्यात घेऊन एकच वाक्य म्हणायची, "नवस करताना नकाशा बघावा गो माणसानं!"

* * *

मलेशियाच्या सरहद्दीच्या स्टेशनवर सगळ्यांना खाली उतरवलं. पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन मी मागे वळले. चिमी नाही!

त्या वीस मिनिटांबद्दल मी जास्त लिहीत नाही. हिरा एका टोकाला धावली, मी दुसऱ्या. मी मराठीत ओरडत होते आणि सगळी माणसं आपापल्या पोरांना जवळ ओढत होती.

प्लॅटफॉर्मच्या शेवटी एक म्हातारी भाताच्या पुड्या विकत होती. तिच्या मांडीवर चिमी! मजेत पुडी खात होती. डाव्या हाताने, कोपरापर्यंत शितं!

मी आधी तिला पोटाशी धरलं, मग रडले, मग सवयीने डाव्या हातावर चापट दिली. तर ताडकन आवाज आला! त्या म्हातारीने माझ्या हातावर चापट मारली होती! माझ्या आईनेसुद्धा लग्नानंतर माझ्यावर हात उगारला नव्हता!

हिरा मागून धापा टाकत आली. म्हणाली, "बरं झालं. मी कधीपासून मारायची म्हनत होते."

* * *

मलेशियातून हिराने किसनला फोन लावला. नाण्यांचा फोन, दोघींचे कान एकाच रिसिव्हरला.

"किसन, आमी पोचतो परवा. भात शिजवून ठेव. हिचा नवस हाय. आन भाऊजींना दे फोन."

पलीकडे किसनने घसा खाकरला.

"भाऊजी कामावर गेलेत," किसन म्हणाला.

मग घाईघाईने, "ताई, वहिनीला जरा सांग..." आणि नाणी संपली! फोन कट!

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तांबड्या अक्षरातला आकडा. रविवार! हे घरी असताना रविवारी दुपारी कधी कामाला गेलेले नाहीत. मग माझ्या डोळ्यांसमोर ती दुसरी उभीच राहिली. उंच, बॉबकट केलेली, सँडल घातलेली. ती ह्यांना रोज भात वाढतेय!

गाडीत बसल्यावर मी हिराला म्हटलं, "खरंच असली तर गं?"

"असली तं असली. मी कोयता आनलाय."

"कोयता? विमानातून?!"

"सुकटीच्या खाली व्हता. त्या मेल्यानं बोंबील खाल्ला, खाली हात घालायचा ऱ्हायलाच!"

* * *

किसन स्टेशनवर आला होता. रस्ताभर त्याने हिराच्या डोळ्याला डोळा दिला नाही. कामगारांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली. मी जिना चढले ती सॅकसकट पळतच.

दारात हे उभे. एकटे. वाळलेले, दाढी वाढलेली, इस्त्रीची पँट, उजवा हात खिशात. चिमीने मागून येऊन झेप टाकली, तिला ह्यांनी डाव्या कडेवर उचलून घेतलं. मी खोलीत सगळीकडे नजर फिरवली. चार पलंग, दोरीवर लुंग्या, सँडल नाही. हिराने तर पलंगाखालीही वाकून बघितलं!

"दाढी कुणासाठी वाढवलीत?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. हे नुसते हसले.

किसनने भात आणि माशांचं कालवण केलं होतं. पानं मांडली. वाफाळलेला पांढरा भात! तीन आठवड्यांनी!

हिरा म्हणाली, "भाऊजी, आदी हिला भरवा. लई छळलंय हिनं मना या भातापायी. पयला घास तुमच्या हातचा."

हे पानाजवळ बसले. भाताकडे बघत राहिले. मग डावा हात पुढे केला आणि भात कालवायला लागले.

चिमीचे डोळे एवढे मोठे झाले! तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्या कानाशी तोंड नेलं. कुजबुजली, पण चिमीची कुजबूज म्हणजे चाळभर!

"बाबा, डावा लपवा! आई मारते!"

ह्यांचा हात भातातच थांबला. किसन उठून खिडकीपाशी गेला. ह्यांनी हळूच उजवा हात खिशातून काढला आणि पानाच्या कडेला ठेवला.

अंगठा होता. करंगळी होती. मधलं काहीच नव्हतं.

हिराने कोयत्याची सॅक पायाने मागे सारली.

मी पान पुढे ओढलं. माझा डावा हात भातात घातला, घास केला आणि ह्यांच्या तोंडासमोर धरला.

आणि चिमी किंचाळली, "आईऽऽ! तू पण?"