नारळीच्या बागेतला शेवट

डायरेक्टरला बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. जेवायचासुद्धा उभ्यानं. आखातात, रुसैलच्या आमच्या कामगार कॅम्पात तो एसी दुरुस्त करायचा, पण एसीखाली घटकाभर टेकणं त्याच्या नशिबी नव्हतं. खोलीत आम्ही दोघेच रत्नागिरीकडचे, त्यामुळे त्याच्या येरझाऱ्या माझ्या वाट्याला आल्या.

तरुणपणी तो गावच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. सकाळच्या खेळाला लागणाऱ्या जुन्या इंग्रजी सिनेमांतून हॉलिवूडच्या एका दिग्दर्शकावर त्याचा जीव जडला. त्याला तो 'आपला साहेब' म्हणायचा. साहेब स्टुडिओचा पगारी नोकर. आज घोडेस्वारांचा सिनेमा, तो संपतो न संपतो तोच नाचगाण्यांचा. "काँट्रॅक्टवाला माणूस, आपल्यासारखाच," डायरेक्टर सांगायचा. "एकच पिक्चर मनासारखा करायला घेतला, तर अर्बाबनं, मालकानं, मधेच काढला त्याला. शेवट दुसऱ्याकडून घेतला. साहेब तिकीट काढून गेला बघायला, आणि शेवट यायच्या आधी उठला."

नव्वदच्या दशकात डायरेक्टरनं जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि दर शुक्रवारी स्वतःचा सिनेमा सुरू केला. गोष्ट साधी. आखातात फसलेला कामगार रिकाम्या हातानं घरी परततो. हिरो शेजारच्या खोलीतला संगमेश्वरचा वेल्डर. पहिल्याच दिवशी हा कफल्लक कामगार कोट, टाय आणि उसना गॉगल घालून हजर! कॅसेट गावी जाणार होती ना. "आई बघंल, डायरेक्टर," एवढंच त्याचं म्हणणं. डायरेक्टरनं बादलीला लाथ मारली, कॅम्पाला दोन फेऱ्या घातल्या आणि परत आला. "साहेबाची हिरोईनपण वादळात केस विस्कटू देत नव्हती. स्टुडिओची ऑर्डर. आपला स्टुडिओ गावाला बसलाय. यल्ला, कॅमेरा!"

हिरो कोकणात पोचतो, हा शेवट. रुसैलच्या धुळीत कोकण कुठून आणणार? दूर दक्षिणेला सलालाहला नारळीच्या बागा होत्या, पावसाळाही होता. "सुट्टी मिळू दे, सलालाह गाठू," असं तो दोन वर्षं म्हणत राहिला. सुट्टी काही मिळाली नाही. कंपनीनं त्याचं काँट्रॅक्टच वाढवलं नाही. विमानतळावरच्या रांगेतही तो जागच्या जागी पाय हलवत होता. कॅमेरा माझ्या हातात कोंबून म्हणाला, "शेवट तू घे. पण त्याचा कोट काढ." त्या दिवशी मला त्या कंपनीचा मनापासून संताप आला.

पुढच्या पावसाळ्यात कामानिमित्त वेल्डर आणि मी सलालाहला गेलो. कॅमेरा घेऊन नारळीच्या बागेत शिरलो तेव्हा भुरभुर चालू होती; वेल्डर कोट घालूनच आला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं आपणहून कोट काढला, बॅग उचलली आणि माडांखालून चालू लागला. थोडं पुढं जाऊन ओल्या मातीत बसला आणि रडायला लागला. हे गोष्टीत नव्हतं. मी कॅमेरा बंद केला नाही.

गावी जाणाऱ्या एकाबरोबर डायरेक्टरला कॅसेट धाडली आणि महिनाभरानं फोन केला.

"पाहिलास?"

"पाहिला. बागेपर्यंत."

"का रे? वाईट झालाय शेवट?"

"घरची सगळी रडली. बायको म्हणते, लय भारी झालाय."

"मग तू का उठलास?"

फोनमधून त्याच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"तो घरी पोचला की खलास रे," डायरेक्टर म्हणाला. "मग मलापण बसायला लागंल."