शिखराला लागलेली हळद

गावाकडून आलेली हळदीची पिशवी आज उघडली आणि वास नाकात शिरताच मी थेट हिंगोलीच्या सायबर कॅफेत जाऊन पोचले.

तेव्हा मी पीएच.डी. करत होते, सुट्टीला घरी आले होते. गिरणीतून नुकतीच दळून आणलेली ऊन ऊन हळद मांडीवर घेऊन आई शेजारी बसली होती. माझ्या सगळ्या कामाचा आलेख ईमेलनं आला होता आणि पडद्यावर वरून खाली, ओळीओळीनं उतरत होता. वीज जायची वेळ झालेली!

"काय मोजून राहिली गं?" आईनं विचारलं.

"न्यूट्रल पायॉन नावाचा कण. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की जन्मतो आणि दिसायच्या आत मोडतो. मागं प्रकाशाचे दोन कण राहतात."

"दिसतच न्हाई, मग मोजती कशी?"

"त्या कणांच्या जोड्या लावायच्या. बराबर जुळल्या तर आलेखात शिखर येतं."

वरचा भाग नुसता पांढरा. मग एक काळा ठिपका! ठिपक्याचा सुळका झाला, अगदी यायला हवा तिथंच! मी ओरडलेच.

"जुळल्या?"

"जुळल्या, आई!"

आमच्याकडं नवं काही आलं की आधी हळद लागते, मग ते वासरू असो की सायकल. आईनं पिशवीत बोट बुडवून सुळक्याच्या टोकाला टेकवलं.

"मावशी, काच!" कॅफेवाला ओरडला, तेवढ्यात वीज गेली.

पुढं अशी शिखरं पुष्कळ पाहिली, क्षणात उघडणारी. पण वीज गेल्यावरही काळ्या पडद्यावर पिवळंधमक दिसत राहिलेलं ते एकच.