चिंचेच्या वळणावरचा फ्लेक्स

ट्रॅफिक हवालदार लालासाहेबांना कुणाच्या दारात उभं राहायची चोरी झाली होती. इस्लामपूर-सांगली रस्त्यावर चिंचेचं वळण आहे. तिथं पोरं मोटारसायकली अशा हाणायची, जणू मागं पिसाळलेलं कुत्रं लागलंय. अधूनमधून एखादा उसाच्या ट्रॉलीखाली जायचा. मग घरी निरोप द्यायला कोण? लालासाहेब. पंचक्रोशीतली सगळी घरं ओळखीची, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. त्यामुळं त्यांचा पांढरा सदरा दारात दिसला की बायका आधी हंबरडा फोडायच्या आणि मग काय झालं ते विचारायच्या. लेकीच्या, शिवांजलीच्या, लग्नपत्रिका वाटायला गेले तेव्हाही रडारड झाली. एका म्हातारीनं तर मुहूर्त ऐकून, “एवढ्या उशिरा माती?” म्हणत डोळ्याला पदर लावला.

हे त्यांना फार लागलं. पुन्हा असला निरोप न्यायची वेळ येऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण पोरांनी ऐकायला पाहिजे ना! कॉलेजांत जाऊन भाषणं दिली, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि गेटाबाहेर पडताच गाड्या बुंगाट सोडल्या.

शेवटी ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी वेग मोजायची गन दिली आणि बजावलं, “रस्ताभर हिंडू नका. जिथं माणसं मरतात तिथंच उभे राहा.” जोडीला राजमती नावाची महिला पोलीस दिली. बाईचा नेम पक्का, गाडी, वेग आणि पोराचं तोंड एकाच फोटोत. दंडाचा मेसेज बापाच्या मोबाइलवर जायचा, बाप बोंब मारायचा, पोरगं कान हलवून पुन्हा वळणावर हजर.

तेव्हा लालासाहेबांना वाटलं, या पोरांची चारचौघांत लाज काढली पाहिजे. सगळ्यात जोरात जाणारा होता बनुबाईचा वीरधवल. त्याचा फोटो त्यांनी पुष्कर फ्लेक्सवाल्याकडे नेला आणि सांगितलं, “वेग एकशे चार, ह्यानं नियम मोडला, असं मोठ्या अक्षरात छाप.”

पुष्करचा सगळा जन्म वाढदिवसाचे फ्लेक्स छापण्यात गेलेला. हाताला सवय, तो तरी काय करणार! वीरधवलच्या डोक्यावर त्यानं मुकुट ठेवला, मागं डरकाळी फोडणारा सिंह बसवला, ‘एकशे चार’ सोनेरी अक्षरात छापलं आणि खाली न विसरता ‘शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ’ टाकलं.

फ्लेक्स लागला आणि वळणावर जत्रा भरली. पोरं केस विंचरून, गॉगल लावून, गनसमोरून भरधाव जायची आणि परत येऊन विचारायची, “मामा, फोटो नीट आला का? आमचा कवा लावताय?” लालासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. करायला गेले गणपती आणि झालं माकड!

राजमती शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, “आवं काका, फोटो ऱ्हाऊ द्या की. मजकूर तेवढा बदला.”

तिनं सांगितलेला मजकूर ऐकून लालासाहेब आधी लाजले आणि मग थेट पुष्करकडे गेले. दुसऱ्या दिवशी वळणावर तोच वीरधवल झळकला. मुकुट गेला होता, सिंहाच्या जागी टमरेल आलं होतं. वर लिहिलं होतं, ‘या बंधूंना जोराचे जुलाब लागले आहेत. कृपया वाट मोकळी करून द्यावी.’ खाली मात्र शुभेच्छुक होतेच.

त्या दिवसापासून चिंचेच्या वळणावर मोटारसायकली वरातीच्या घोड्यासारख्या जायला लागल्या. ज्यांना खरोखरच लागली होती, तेसुद्धा चेहरा हसरा ठेवून संथ जायचे. उसाचा हंगाम संपत आला, तरी निरोप द्यायची वेळ आली नाही.

वेगापायी जप्त केलेलं वीरधवलचं लायसन चौकीत पडून होतं. ते परत करायला लालासाहेब त्याच्या घरी गेले. बनुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं पांढरा सदरा पाहिला आणि हातातलं सूप गळून पडलं. “वयनी, तसं काय न्हाई...” लालासाहेब घाईघाईनं म्हणाले.

तेवढ्यात वीरधवल भाकरी चावत घरातून बाहेर आला. बनुबाईनं लेकाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग हवालदाराला पाहिलं. मग केरसुणी उचलली.

“माझ्या पोराला जुलाब लावलंस व्हय रं? ऐतवारी पोरीकडची मानसं येनार हायती, आन तू त्येला टमरेल दिऊन रस्त्यात हुबा केलास? लाज न्हाई वाटत?”

केरसुणी खांद्यावर बसली, पाठीवर बसली. ‘चुकलं’ म्हणायला लालासाहेबांनी तोंड उघडलं तर हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले.

“आन वर दात काढतोस?”

“हाना वयनी, लय बरं वाटतंय,” लालासाहेब म्हणाले. “ह्या सदऱ्याला बघून समदी नुसती रडलीच. शिव्या दिनारी तुमी पयलीच.”

बनुबाईची केरसुणी हवेतच थांबली. मग ती वळली आणि तिनं पोराच्या पाठीत दोन सणसणीत घातल्या.