मोठीआईचं कापलेलं वाक्य

माझं सगळं शिक्षण वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत झालं. त्याचा आमच्या गावी, देवळीत, मला फारसा उपयोग नव्हता. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायची असली किंवा कुणाकडे तार आली की मला बोलावणं यायचं. मी वाचून, अर्थ सांगून परत फिरायची. कुणी चहाला थांब म्हटलं तरी थांबायची नाही. बायका म्हणायच्या, पोरगी हुशार हाय, पन तोंडात जीभच नाई.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. माझ्या मोठ्या भावाचं बसस्टँडजवळ रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लोक त्याच्याकडे बिघडलेले टेपरेकॉर्डर आणायचे आणि तो गाणी जमवायचा. त्या वर्षी दादाने स्वतःची कॅसेट केली. लग्नाची आठ गाणी, शब्द त्याचे, चाली त्याच्या. गाणारे गावच्याच भजनमंडळातले, पेटी शेजारच्या गुरुजींची. तिसऱ्या गाण्याच्या आधी त्याने जात्यावरच्या ओवीचा एक तुकडा टाकला होता. आधी नुसती जात्याची घरघर, मग एका बाईचा आवाज, आणि तो विरता विरता ढोलकी. कॅसेट ऐकणारा त्या जागी हमखास मान वर करायचा.

तो आवाज आमच्या नाचणगावच्या मोठीआईचा होता, म्हणजे बाबांच्या चुलतभावाच्या बायकोचा. माझ्या ताईच्या लग्नात हळद दळताना दादाने जात्याशेजारी टेप ठेवून तो उतरवून घेतला होता.

नागपूरच्या एका व्यापाऱ्याला कॅसेट आवडली. लगनसराईच्या आधी तो तिच्या प्रती काढून विकणार होता, पण आधी दिल्लीची कॉपीराइटची नोंदणी हवी, म्हणाला. नाही तर महिनाभरात दुसराच कुणी तीच कॅसेट आपल्या नावाने काढेल. आणि आत दुसऱ्याचं काही असेल तर त्याची लेखी परवानगी हवी. दादाने पत्र टाकून फॉर्म मागवला. फॉर्म इंग्रजीत होता, तीन प्रतींत भरायचा होता. दादाने तो न उघडताच माझ्यापुढे ठेवला.

मी दोन दिवस नुसता वाचला. घाईत मला काही भरता येत नाही. सोबतच्या सूचनांत लिहिलं होतं की या कामात ज्याचा ज्याचा हक्क असेल, त्या प्रत्येकाला अर्जदाराने अर्जाची सूचना दिली पाहिजे. मी दादाला म्हटलं, मोठीआईला कळवावं लागेल. दादा हसला. घरच्या माणसाला कसली नोटीस, म्हणाला, ती तर खूशच होईल. मी फॉर्म मिटून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मग मी भरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला नाही म्हटलं होतं. तो फॉर्मकडे बघत म्हणाला, बरं, जाऊ विचारायला.

रविवारी आम्ही पुलगावच्या बसने नाचणगावला गेलो. मोठीआई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. दादाने टेप लावला. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

‘बोंडावानी बाई माह्यं मन उललं उललं,
भावाच्या बैलाचं मले घुंगरू कयलं.’

कपाशीच्या बोंडासारखं मन उकललं, भावाच्या बैलाचं घुंगरू ओळखू आलं, एवढीच ती ओवी. मग ढोलकी सुरू झाली. तिने हाताने टेप बंद करायची खूण केली.

“अन माह्यं बोलनं कुठं गेलं?”

दादा म्हणाला, ओवीच्या आधी तू काहीतरी बोलली होतीस, ते गाण्यात बसत नव्हतं म्हणून कापलं.

“काहीतरी नाई बाप्पा. ‘हे माह्या नंदेचं हाय, पवनारच्या,’ असं म्हनलं होतं म्या. आमच्यात दुसरीची ओवी म्हनाची असंन त पयले थिचं नाव घ्या लागते, मंग तोंड उघडा लागते. तू थेच कापलं. आता गावोगावच्या बाया म्हनतीन, नाचनगावची बुढी नंदेची ओवी चोरून राह्यली.”

दादा कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. ते वाक्य त्याला गाण्याआधीचं खाकरणं वाटलं होतं. मलाही वाटलं असतं. त्या लग्नात मी जात्याजवळच बसले होते, आणि मोठीआई काय बोलली ते मला आठवत नव्हतं.

तिने परवानगी नाकारली असती तर कॅसेटमधली सगळ्यात चांगली जागा गेली असती. ते दादाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि ती सूचना मराठीत करून मोठीआईला वाचून दाखवली.  ज्याचा हक्क त्याला कळवावं, एवढाच त्या सूचनेचा अर्थ होता. तिने ती पुन्हा वाचायला लावली.

“म्हंजे दिल्लीवाले बी इचारतात म्हन आधी,” ती म्हणाली. मग दादाकडे बघून, “थ्यायले समजते, अन तुले नाई.”

दादाने मान खाली घातली. मोठीआईने सूप बाजूला ठेवलं.

“पवनारले जा. थिले इचारा. थे हो म्हनंन त माह्यं बी हो. पन माह्यं बोलनं जागेवर ठेवजो.”

मोठीआईची ही नणंद, म्हणजे आमची पवनारची आत्या, नदीकडच्या उतारावर राहायची. आम्ही ओवी लावली तेव्हा तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग विचारलं, ही मीच केली होती का? नवी नवरी असताना, भाऊ पोळ्याला न्यायला येणार म्हणून वाट बघताना केली होती, हे तिला हळूहळू आठवलं. तिने परवानगी लगेच दिली. सही मात्र सावकाश केली, प्रत्येक अक्षराला थांबून. मग मला म्हणाली, माह्याबद्दल काय लिहिलं ते वाच. फॉर्मच्या कच्च्या प्रतीतलं मी इंग्रजीतच वाचलं. तिचं नाव, मुक्काम पवनार, नागरिकत्व भारतीय. तिला एक शब्दही कळला नसावा, पण तिने परत वाचायला सांगितलं आणि या वेळी सुनेलाही बाहेर बोलावलं. इंग्रजी वाचताना मला कधी अभिमान वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला.

घरी आल्यावर कळलं की ताईच्या लग्नाची मूळ टेप दादाने पुसून तिच्यावर भजनं भरली होती. वाक्य परत कुठून आणायचं? दादाने नाचणगावला निरोप धाडला. बुधवारी मोठीआई स्वतःच बसने देवळीला आली, नवं लुगडं नेसून. दादाने दुकानाचा पंखा बंद केला, अर्धं शटर ओढलं. ती स्टुलावर ताठ बसली आणि टेपकडे न बघता माझ्याकडे बघून ते वाक्य एकदाच बोलली. मागे एका बसचा हॉर्न आला. दादा म्हणाला, पुन्हा घेऊ. ती म्हणाली, खरं बोलनं दोनदा नसते बोलाचं. हॉर्न राहिला.

फॉर्म मी तिन्ही प्रतींत भरला, एकही खाडाखोड न करता. दादाचं नाव त्याच्या जागी, आणि जिथे इतर हक्कदारांची नावं विचारली होती तिथे नाचणगाव आणि पवनारच्या दोघी. नोंदणीचा कागद यायला बरेच महिने लागले. त्या वर्षीची लगनसराई हातची गेली, पुढची मिळाली. व्यापाऱ्याने कॅसेट पुन्हा ऐकली आणि ते बोलणं काढा म्हणाला, गिऱ्हाइकाला वाटेल कॅसेट खराब आहे. दादाने त्याला सांगितलं, थे काढाचं असंन त कॅसेटच नका घेऊ. मी दुकानात मागे उभी होते. माझा भाऊ एवढ्या शांतपणे बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. व्यापाऱ्याने थोडं कुरकुरून घेतली.

दोन वर्षांनी मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही आर्वीकडच्या एका खेड्यात गेलो होतो. हळद दळायला एक बाई जात्यावर बसली. खुंटा धरला आणि म्हणाली, “हे पवनारच्या बाईचं हाय.” मग तीच ओवी सुरू केली.

ओवी संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. अनोळखी माणसाशी मी आपणहून बोलत नसे. पवनारच्या बाईंना तुम्ही ओळखता का, असं विचारलं.

“नाई वं. कॅसिटात सांगतलं होतं, म्हून सांगतलं,” ती म्हणाली. “तू ओयखते काय?”

“माझी आत्या आहे,” मी म्हटलं.

तिने मला जागा करून दिली आणि खुंट्यावरचा हात थोडा बाजूला घेतला. मी बसले आणि खुंटा धरला.