सिस्टरबाईंनी माझं नाव घेतलं

प्रार्थनेला बसण्याआधी सिस्टरबाई डोक्यावर पदर घेत आणि त्याचं टोक भांडायला निघाल्यासारखं कमरेला खोचत. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, म्हणून अख्ख्या पांढुर्ण्याच्या सिस्टरबाई. आम्हा मोजक्या ख्रिस्ती घरांची रविवारची प्रार्थना स्टेशनमागच्या त्यांच्याच घरी होई. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, नागपूरहून महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार बाईंचे. "मन येते न जाते," त्या म्हणत, "त्याच्या भरोशावर राहू नका. बूड टेकवा."

एकदा मी नागपूरच्या शिबिरातून परतले ती हवेतच. येशूबद्दल सांगताना भाजीवाल्यालाही सोडलं नाही. बाई संत्रं सोलत ऐकत होत्या. "चांगलं हाय. पण हे उतरन बरं. उतरलं का घाबरू नको." मला त्यांचा रागच आला.

उतरलं मात्र खरंच. घरात दुःख म्हणावं तर तसलं काही नव्हतं. नवरा, मुलगी, सगळं ठीक. फक्त बायबल उघडलं की अक्षरं दिसत आणि आत काही हलत नसे. रविवारचा मुलांचा वर्ग मी घेत असे, त्यात माझा जीव होता. तिथं उभं राहायचीही लाज वाटू लागली. शेवटी बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "बाई, मला प्रार्थनाच होत नाही. कोणाला सांगू नका." त्यांनी माझा हात धरला. "बूड टेकवत राह्य पोरी. मी हावो ना." वाटलं, सुटले.

आमच्याकडे शेवटी प्रार्थनाविषय सांगायची रीत आहे. कोणाचा गुडघा, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाच्या संत्र्याचा भाव. त्या रविवारी बाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी माझं नाव घेतलं. "आपली रेखा. तिची प्रार्थना बंद पडली. साऱ्यायनं मिळून मांगा." तेही डोळ्यांत पाणी आणून, प्रेमानं. तेच जास्त लागलं. मान वर करायची सोय राहिली नाही.

आमच्यात चुगली कोणी करत नाही, प्रार्थनाविषय सांगतात. संध्याकाळपर्यंत माझा विषय नदीपल्याड सावरगावला पोचला. बायका माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला घरी येऊ लागल्या. पाळक आले तेव्हा गोड आवाजात म्हणाले, "मुलांचा वर्ग सध्या दुसऱ्या कोणाकडे देऊ. तुम्ही आराम करा." बाई शेजारीच बसल्या होत्या. तोंडातून शब्द काढला नाही. वर्ग गेला तो गेलाच.

मी बाईंशी बोलणं सोडलं. रविवार सोडला नाही, जिद्दीनं जाऊन बसत राहिले. बसायला शिकवलं त्यांनीच, याचाही संताप येई.

पुढं बाईंचं हृदय अशक्त झालं आणि मुलानं त्यांना सौंसरला नेलं. निरोप आला, रेखाला पाठवा. बसनं गेले. बाई खाटेवर उशीला टेकून होत्या, निम्म्या झालेल्या. सुनेनं चहा दिला आणि ती आत गेली.

"रेखा, माही प्रार्थना होऊन नाही राहिली."

मला वाटलं, आजारपणानं. "होईल बाई. कधीपासून असं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "तुह्या पहिलेपासून."

मी चहा खाली ठेवला. "म्हणजे माझं नाव घेतलं तेव्हा?"

"तवाही नव्हती होत."

"मग तेव्हा एवढंच म्हणायचं होतं ना, माझंही तसंच आहे म्हणून. माझा वर्ग तरी राहिला असता."

"लोकायले काय वाटलं असतं? सारे माह्या भरोशावर बसत होते." मग हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, तुह्यासाठी मांगतील, त्यातलं थोडंसं मलेही लागन. माह्या जिवंतपणी कोणाले सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. माफही केलं नाही. माझं गुपित चारचौघांत मांडणारी बाई स्वतःचं मात्र माझ्याच ओटीत टाकून मोकळी झाली होती.

बाई गेल्या तेव्हा त्यांना पांढुर्ण्यातच माती दिली. पाळक म्हणाले, "बाईंचा विश्वास एक दिवसही डळमळला नाही." साऱ्यांनी माना हलवल्या. मग म्हणाले, शेवटची प्रार्थना रेखाताईंनी करावी, त्या बाईंच्या जवळच्या, शेवटी बाईंनी त्यांनाच बोलावलं होतं.

मी हात जोडले. पाठ केलेलं एकही वाक्य येईना. "प्रभू," मी म्हणाले, "बाई आली आहे तुझ्याकडे. तिनं माझं नाव घेतलं, स्वतःचं लपवलं. मला तिच्याशी नीट भांडताही आलं नाही. का केलंस म्हणून तूच तिला विचार. आणि विचारून झालं की जवळ घे, फार दिवस एकटीच बसली होती."

कोणाला काय कळलं कोणास ठाऊक, सगळ्यांनी सवयीनं आमेन म्हटलं. घरी येऊन पाय धुताना माझ्या लक्षात आलं, आज मी देवाशी बोलले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि तेही तिच्यावरच्या रागानं.